साल आईची, गर पोराचा: सूर्यफुलाच्या बियांची भानगड

मागच्या रब्बीत बार्शीकडच्या मामांचा फोन आला, आवाज तापलेला. "अगं, पेरलं तवा पिशवीतलं बी पट्ट्यापट्ट्याचं होतं, आता मळणी केली तर समदं काळंकुळकुळीत निघालंय, बोगस दिलं का काय आपल्याला?" पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर दोन फोटो, एकात पिशवीच्या तळाशी उरलेलं राखाडी पट्ट्यांचं बी आणि दुसऱ्यात ताडपत्रीवर पसरलेला काळा ढीग. घरात जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंग शिकलेली मी एकटीच, त्यामुळे बियाण्याच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडेच येतात, अगदी कुंडीतल्या मिरचीला फळ का नाही इथपर्यंत.

मी विचारलं, मामा आधी सांगा पीक कसं होतं, सगळी झाडं एका उंचीची होती का, फुलं एकदम उमलली का. म्हणाले पीक झकास होतं, एकसारखं. मग म्हटलं बियाणं बरोबर आहे, रंगावरून भांडायला जाऊ नका. ते फोनवर पटकन समजावता येईना म्हणून हे लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता लांबलंय, कारण सूर्यफुलाचं बी ही मला शिकत असल्यापासून आवडलेली भानगड आहे.

तर मुळात आपण ज्याला सूर्यफुलाचं बी म्हणतो ते वनस्पतीशास्त्राच्या हिशोबात फळ आहे. बाहेरचं टरफल म्हणजे फळाची भिंत, आणि ती बनते झाडाच्या स्वतःच्या पेशींपासून, म्हणजे आईच्या. आतला गर म्हणजे गर्भ, तो आई आणि बाप दोघांचा, म्हणजे पुढची पिढी. एकाच दाण्यात दोन पिढ्या बसलेल्या असतात आणि आपल्याला वरून दिसते फक्त आधीची. हापूसचं घ्या, झाडावर पराग कुठलाही येऊन पडू दे, आंबा हापूसचाच लागतो, चव तीच साल तीच, पण त्याची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री कोणी देत नाही. सूर्यफुलात तेच आहे, फक्त इथे आंब्याच्या गराच्या जागी एक कोरडं टरफल आहे म्हणून लक्षात येत नाही.

मक्यात असं होत नाही बघा. पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका असला तर त्याच हंगामात पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसायला लागतात, कारण मक्याच्या दाण्याचा रंग आतल्या पिठूळ भागातून येतो आणि त्यात बापाचा वाटा असतो. सूर्यफुलाच्या एका फुलात मात्र शेकडो दाणे, प्रत्येकाचा बाप वेगळा असू शकतो, मधमाशी कुठून कुठून पराग घेऊन आलेली असते, तरी सगळ्या दाण्यांची साल एकाच रंगाची एकाच नक्षीची. पुढच्या वेळी शेतात गेलात तर मुद्दाम दोन-चार फुलं चोळून बघा.

आता मामांच्या पिशवीकडे येते. हायब्रीड बियाणं तयार करताना शेतात मादी वाणाच्या ओळी आणि नर वाणाच्या ओळी शेजारी शेजारी लावतात आणि बी गोळा करतात फक्त मादी ओळींवरून. म्हणजे पिशवीतल्या दाण्याची साल मादी वाणाची, त्या वाणाला पट्टे असतील तर पट्टे दिसणार. आत मात्र हायब्रीड गर्भ बसलेला. तो पेरला, झाड आलं, आता हे झाड स्वतः आई झालं आणि त्याने स्वतःच्या गुणांची साल बनवली. नर वाणाकडून काळ्या रंगाचा प्रभावी जीन आलेला असेल तर काळी. म्हणजे पेरलेलं बी आणि निघालेलं बी दिसायला वेगळं असणं यात काहीच बोगस नाही, उलट सगळ्या फुलांतलं बी एकसारखं काळं निघणं ही हायब्रीड शुद्ध असल्याची खूण. काही फुलं काळी, काही पट्ट्यांची, काही राखाडी अशी खिचडी निघाली असती तर मीच म्हटलं असतं मामा, पावती शोधा.

रंगाचंही प्रकरण सरळ नाही. टरफलाला वरून आत असे थर असतात आणि तीन ठिकाणी रंग बसू शकतो. सगळ्यात वरच्या कातडीत पांढरा, तपकिरी, काळा किंवा पट्टे. त्याच्या खालच्या थरात कधी कधी जांभळा, जांभळाच्या फळात असतो त्याच जातीचा रंग. अमेरिकेतल्या ॲरिझोनाकडच्या होपी लोकांचा एक जुना सूर्यफुलाचा वाण आहे ज्याच्या टरफलापासून ते टोपल्या विणायच्या काड्या रंगवतात, तो रंग याच थरातला. आणि त्याखाली तिसरा, कोळशासारखा काळा पातळ थर, फायटोमेलॅनिनचा. हा असणं-नसणं बहुतेक एकाच प्रभावी जीनवर चालतं, म्हणजे आईबापापैकी एकाकडून मिळाला तरी पुरतो. त्यामुळे वरून पांढरट दिसणारं बी ब्लेडने हलकं खरवडलं की खाली काळं निघू शकतं. वरचा रंग बघून खालचं काही सांगता येत नाही, तिन्ही थरांचे जीन आपापले वेगळे.

हा काळा थर नुसता शोभेचा नाही. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं, तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजार वर्षांपूर्वीच ते शेतात आणलं, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलं, आणि खाद्यतेलाचं मोठं पीक म्हणून त्याला उभं केलं रशियाने, एकोणिसाव्या शतकात. तिथे दाण्यात शिरणाऱ्या एका पतंगाच्या अळीने पिकाची वाट लावली होती. ज्या झाडांच्या टरफलात हा काळा थर होता ते दाणे अळीला फोडता येईनात, तेव्हा तिकडच्या लोकांनी त्यावरच निवड केली आणि अशा वाणांना चिलखती म्हणायला लागले. आपल्याकडे फुलावर येणारी अळी मुख्यतः घाटेअळी, ती फूलच पोखरत सुटते, तिला दाण्याच्या चिलखताचं फारसं काही वाटत नाही, पण रशियातून आलेल्या वाणांसोबत तो थर आपल्याकडेही आला.

आणि इथूनच बहुधा तो समज आलाय जो मी आडतीवर, बसमध्ये, लग्नात सगळीकडे ऐकलाय, की काळं बी म्हणजे तेल जास्त आणि पट्ट्याचं बी म्हणजे खायचं. रशियन तेलाचे वाण काळ्या बियांचे होते, अमेरिकेत सोलून खायचे वाण मोठ्या पट्टेदार बियांचे, म्हणून ढोबळमानाने जुळतं. पण ते घराण्यामुळे जुळतं, काळ्या रंगाच्या जीनने तेल वाढत नाही. पट्टेदार पण तेलाला भारी असा वाण करता येतो आणि काळा पण तेलाला पडेल असाही. आपल्याकडेच भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून टीएएस-८२ हा काळ्या बियांचा वाण २००७ मध्ये दिला, तो पडताळताना शास्त्रज्ञांनी उत्पादन, कालावधी आणि तेलाचा टक्का मोजला, नुसत्या रंगावर कोणी वाण पास करत नाही.

मग तेल ठरतं कशावर? इथे थोडं गणित करावं लागेल, पण सोपं आहे. समजा गरात ५५ टक्के तेल आहे. टरफलात तेल नसल्यासारखंच. आता दाण्याच्या वजनात टरफल ४० टक्के असेल तर गर उरला ६० टक्के आणि अख्ख्या दाण्यात तेल ३३ टक्के. तोच गर, तेवढंच ५५ टक्के तेल, फक्त टरफल २५ टक्क्यांवर आणलं तर अख्ख्या दाण्यात तेल ४१ टक्क्यांवर जातं. गरातल्या तेलाच्या एकाही जीनला हात न लावता आठ टक्के वाढले! ब्रीडरला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला, यापेक्षा स्वस्तात काय मिळणार.

वसिली पुस्तोवोइत नावाच्या माणसाने नेमकं इथेच काम केलं. रशियातल्या क्रास्नोदारला १९१२ मध्ये सुरुवात केली आणि १९७२ मध्ये वारेपर्यंत सूर्यफूल सोडलं नाही. क्रांती, दोन महायुद्धं सगळं मधे होऊन गेलं आणि हा माणूस दरवर्षी हजारो फुलं वेगवेगळी मळून टरफल आणि तेल मोजत बसलाय, मला तर कल्पनेनेच थकायला होतं. त्याची पद्धत साधी पण डोकेबाज होती. सूर्यफूल परपरागीभवनाचं पीक, चांगलं फूल निवडून त्याचं बी पेरलं की आजूबाजूच्या सुमार झाडांचा पराग त्यात मिसळणार आणि पुढच्या पिढीत निवड पातळ होणार. म्हणून तो प्रत्येक निवडलेल्या फुलाचं थोडं बी चाचणीत पेरायचा आणि थोडं पिशवीत राखून ठेवायचा. चाचणीत कुठल्या फुलाची पोरं सरस ठरली ते कळलं की चाचणीतलं बी न वापरता त्या फुलाचं राखून ठेवलेलं बी काढायचं, आणि फक्त अशा निवडक फुलांची बियाणी एकत्र लावून त्यांच्यातच परागीभवन होऊ द्यायचं. तिशीच्या आसपास असलेला तेलाचा टक्का असा हळूहळू पन्नाशीला नेला आणि त्यात मोठा वाटा टरफल पातळ होण्याचा होता, गरातलं तेल वाढलं ते त्या मानाने कमी. त्याचा पेरेडोविक हा वाण जगभर गेला, आपल्याकडे १९६९ च्या सुमारास रशियाकडून जे वाण आणले त्यातही तो होता, ईसी-६८४१४ या नंबरने. जुन्या शेतकी पुस्तिकांत हा नंबर अजून सापडतो.

टरफलाची जाडी आणि तेलाचा टक्का हे रंगासारखे एका जीनचे खेळ नाहीत हे सांगायला हवं. सूर्यफुलाचे १७ जोड्या क्रोमोझोम, त्यातल्या बऱ्याच क्रोमोझोमांवर विखुरलेले जीन थोडं थोडं ढकलतात, कुणी टरफल पातळ करतो, कुणी गर भरतो, कुणी दाणा मोठा करताना टरफलही जाड करून ठेवतो. २०१७ मध्ये सूर्यफुलाचा अख्खा जीनोम वाचून प्रसिद्ध झाला, जवळजवळ ३.६ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या जीनोमपेक्षाही मोठा, आणि त्यातला बहुतेक भाग स्वतःच्याच नकला करत सुटलेल्या तुकड्यांचा. त्यातून तेलाशी संबंधित जीनांचा नकाशा बराच स्पष्ट झाला. तरी शेतातली निवड सोपी झालीय असं नाही, कारण तेलाच्या टक्क्यावर आईच्या झाडाचाच हात मोठा असतो, तिची साल, तिची पानं, तिने दाणे भरताना किती अन्न पुरवलं. एक-एक दाणा बघून निवड करून इथे फायदा नाही, अख्ख्या झाडाचं मोजावं लागतं.

आणि टरफल पातळ करत जायचंही फुकट नाही. पातळ झालं की ते गराला चिकटून बसतं. गिरणीत सोलायला गेलं की टरफल नीट सुटत नाही, गर फुटतो, टरफलाचा चुरा पेंडीत जातो आणि पेंडीतली प्रथिनं पडतात. मोठ्या बियांच्या खायच्या वाणात उलट हवं असतं, टरफल जाड, गरापासून सुटं, दाताखाली कट् करून उघडणारं, मग त्यात तेल २५-३० टक्के का असेना. म्हणजे एकाच पिकात दोन वेगळ्या दिशांना ओढणारी निवड. सुपरमार्केटमध्ये जे सोललेले सनफ्लॉवर सीड्स डाएटवाल्यांसाठी मिळतात ते आमच्या मामांच्या ढिगातून काढायचे म्हटले तर काढणाऱ्याचे हाल होतील.

आता गराकडे, म्हणजे पोराकडे. किती तेल हे आईवर जास्त, पण कसलं तेल हे मात्र मुख्यतः गर्भाच्या स्वतःच्या जीनांवर. तेल बनतं फॅटी ॲसिडांचं, नेहमीच्या सूर्यफूल तेलात त्यातलं लिनोलिक ॲसिड ६०-७० टक्क्यांपर्यंत असतं, ओलेइक २०-३०. लिनोलिकवालं तेल तळताना लवकर खराब होतं, ओलेइकवालं टिकतं. ओलेइकपासून लिनोलिक बनवणारं एक एन्झाइम आहे, एफएडी-टू, आणि सूर्यफुलात त्याचे तीन जीन. त्यातला एक फक्त भरणाऱ्या दाण्यात काम करतो, बाकीचे दोन पानं, मुळं सगळीकडे. दाण्यातला तेवढा बंद पडला तर ओलेइक साचत जाणार आणि झाडाला काही त्रास नाही.

क्रास्नोदारलाच सोल्दातोव्ह यांनी बियांवर डायमिथाइल सल्फेट या रसायनाची प्रक्रिया करून हेच मिळवलं, १९७६ मध्ये ते जाहीर झालं, वाणाचं नाव परव्हेनेत्स. आज जगात हाय ओलेइक म्हणून जे सूर्यफूल पिकतं, ८० टक्क्यांच्या वर ओलेइकवालं, त्याचं मूळ बहुतेक ठिकाणी या एका वाणात जाऊन पोचतं. गंमत म्हणजे तो जीन तुटलेला नाही. त्याचा तुकडा शेजारी दुसऱ्यांदा चिकटला, त्या गोंधळातून छोटे आरएनए तयार होतात आणि ते मूळ जीनलाही गप्प बसवतात. बंद पडलेला जीन सहसा दबका असतो, जोडीला चांगला जीन आला की काम चालू राहतं. इथे जीन तुटण्याऐवजी दुसऱ्याला गप्प करतोय, म्हणून हा गुण बऱ्यापैकी प्रभावी निघाला, एका बाजूने आला तरी ओलेइक चढतं. शिवाय दुसरे छोटे जीन त्याला थोडं वर-खाली करतात, त्यामुळे एका ब्रीडरच्या क्रॉसमध्ये एक हिशोब आणि दुसऱ्याच्या क्रॉसमध्ये वेगळाच, असे पेपर वाचून डोकं भणभणायचं.

पण या गुणासाठी दाणा-दाणा तपासता येतो आणि इथे ब्रीडरांची जी युक्ती आहे ती मला फार आवडते. दाण्याच्या टोकदार बाजूला मूळ असतं आणि रुंद बाजूला डाळिंब्या. रुंद बाजूचा छोटा काप काढायचा, तो मशीनमध्ये देऊन त्यातली फॅटी ॲसिडं मोजायची, आणि उरलेला टोकदार भाग पेरायचा. तो उगवतो! रिपोर्ट येईपर्यंत उरलेलं बी ओलं करून ठेवलेलं असतं, चांगले निघाले ते कुंडीत, बाकीचे कचऱ्यात. आई बघायची गरज नाही, पोराची थेट परीक्षा. टरफलाच्या बाबतीत हे करून काय उपयोग, ते तर आईचं.

आता याचा शेतातला परिणाम बघा. शेतकरी हायब्रीड पेरतो, म्हणजे झाड एफ-वन (संकराची पहिली पिढी), पण तो विकतो तो दाणा एफ-टू (दुसरी पिढी), आणि प्रत्येक दाण्यात वेगळी वाटणी झालेली. हायब्रीडच्या फक्त एका बाजूच्या वाणात हाय ओलेइकचा जीन असेल तर ढिगातल्या साधारण चौथाई दाण्यांत तो दोन्ही बाजूंनी, निम्म्यांत एका बाजूने आणि चौथाईत अजिबात नाही, सगळं मिळून तेल मधलं निघणार. म्हणून हाय ओलेइक हायब्रीड करायचं तर मादी आणि नर दोन्ही वाण आधी त्या गुणाचे करून घ्यावे लागतात, वेळ आणि पैसा दोन्ही दुप्पट. शिवाय शेजारी साधं सूर्यफूल असेल आणि मधमाशीने तिकडचा पराग आणला तर तेवढ्या दाण्यांचा ओलेइक घसरतो, साल मात्र तशीच. म्हणजे आडतीवर नुसतं बघून कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही की भेसळ झालीय. अमेरिकेत १९९० च्या दशकात मधल्या ओलेइकचं, ५५ ते ७५ टक्क्यांचं, नुसन नावाचं तेल आणलं ते वेफर्स आणि तळणीवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून.

हवामानही यात नाक खुपसतं. दाणे भरताना रात्री गरम असल्या की साध्या वाणातही ते एन्झाइम मंदावतं आणि ओलेइक वाढतं, थंड असल्या की लिनोलिक. म्हणजे एकच साधं हायब्रीड उन्हाळ्यात घेतलं आणि रब्बीच्या थंडीत घेतलं तर तेल वेगळं. परव्हेनेत्सवाला गुण मात्र हवेला फारसा भीक घालत नाही, म्हणून कारखानदारांना तो हवा असतो.

मामांचा पुढचा प्रश्न मला आधीच माहीत होता, "मग हेच काळं बी पुढच्या साली पेरलं तर?" नको. का नको त्याचंही उत्तर जेनेटिक्समध्येच आहे. सूर्यफुलाचं हायब्रीड चालतं नरवंध्यत्वावर. १९६९ मध्ये फ्रान्सच्या लक्लेर्क यांनी एका रानटी सूर्यफुलाशी संकर करून अशी झाडं मिळवली ज्यांना पराग धरत नाही, आणि हा दोष आईकडूनच जातो. १९७० मध्ये अमेरिकेत किनमन यांनी तो दोष दुरुस्त करणारा जीन सांगितला. मादी वाण परागाशिवायचा, नर वाण दुरुस्तीचा जीन घेऊन येणारा, त्यामुळे हायब्रीड झाडाला पराग धरतो. भारतात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने १९८० मध्ये बीएसएच-१ दिलं ते याच पद्धतीने. पण त्या हायब्रीडचं बी पेरलं की दुरुस्तीचा जीन वाटला जातो आणि चारातल्या एका झाडाला तो मिळत नाही, पराग नाही. वर बऱ्याच नर वाणांना मुद्दाम फांद्या फुटणारा जीन ठेवलेला असतो, म्हणजे छोटी छोटी बरीच फुलं येऊन पराग जास्त दिवस मिळतो. तो जीन दबका, म्हणून हायब्रीडला एकच मोठं फूल. पुढच्या पिढीत चारातलं एक झाड फांद्या घेऊन उभं. उंची वेगळी, पक्व व्हायचे दिवस वेगळे, आणि मग टरफलाचे रंगही वेगळे वेगळे, ती मघाशी म्हटलेली खिचडी. घरचंच बी धरायचं असेल तर सरळ वाण लावा, मॉर्डेन, भानू, एसएस-५६ वगैरे, हायब्रीडचं धरू नका. आणि ताजं काढलेलं बी लगेच पेरून उगवत नाही म्हणून बोंब मारू नका, सूर्यफुलाला मळणीनंतर दीड-दोन महिने झोप असते. ही झोपसुद्धा काही गर्भातली आणि काही टरफलामुळे. वर्षात दोन पिढ्या काढायच्या घाईत असलेले ब्रीडर बी इथ्रेल या रसायनाच्या पाण्यात भिजवून त्याला उठवतात.

जीवनसत्त्व ई बद्दल एवढंच, क्रास्नोदारच्याच देमुरिन यांनी दोन दबके जीन शोधले ज्यांनी सूर्यफुलातल्या टोकोफेरॉलचा, म्हणजे याच जीवनसत्त्वाचा, प्रकार बदलतो. साध्या तेलात जवळपास सगळं अल्फा, शरीराला उपयोगाचं. बदललेल्यात गॅमा वगैरे वाढतं, ते शरीरापेक्षा तेलाला टिकवायला जास्त कामाचं. हाय ओलेइक आणि हे एकत्र केलं की तळणीला तेल दांडगं टिकतं. स्पेनमध्ये स्टिअरिक हे फॅटी ॲसिड वाढवलेले वाणही आहेत. आपल्या बाजारात यातलं काही अजून माझ्या कानावर नाही.

आता थोडी चिडचिड करू द्या. ९० च्या दशकात देशात २० लाख हेक्टरांच्या वर सूर्यफूल होतं. आमच्या सोलापूर-लातूर-धाराशिव पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं दिसायचं. मग केवडा रोग आला, १९९७ पासून दक्षिणेत विषाणूमुळे शेंडे जळायला लागले, बाजारात स्वस्त आयात तेल, सोयाबीनचा पर्याय, आणि पोपट, पोपटांना विसरू नका, गावात एकट्याचंच सूर्यफूल असलं की सगळ्या पंचक्रोशीचे पोपट त्याच्याकडे जेवायला. आता देशात काही लाख हेक्टरांवर आलंय आणि तेल युक्रेन, रशिया, अर्जेंटिनाकडून येतं, २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा किराणा दुकानात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. संशोधन थांबलेलं नाही, लातूरच्या गळीतधान्य केंद्राने एलएसएफएच-३५, एलएसएफएच-१७१ दिली, सोलापूरहून फुले भास्कर आलं, हैदराबादच्या संस्थेचं डीआरएसएच-१ तर तेलाच्या टक्क्यासाठीच नावाजलेलं. पण आमच्याकडे आडतीवर ओल बघतात, काडीकचरा बघतात, मूठभर बी दातात धरून फोडतात, तेलाचा टक्का मोजून भाव दिलेला मी तरी पाहिला नाही. एनएमआर मशीन बी न फोडता तेलाचा टक्का काही मिनिटांत सांगतं. ते आडतीवर नसेल तर ३५ टक्केवाला आणि ४२ टक्केवाला एकाच भावात जातो, आणि मग शेतकऱ्याने तेलाचा वाण का घ्यावा? तो क्विंटल बघणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

मामांना मी शेवटी जे सांगितलं ते वाणाबद्दल नव्हतंच. त्यांच्या फोटोतल्या ढिगात पोचट दाणे बरेच होते, फुलाच्या मधल्या भागातले. पोचट म्हणजे नुसतं टरफल, त्याचं टरफल शंभर टक्के आणि तेल शून्य, वर केलेलं सगळं गणित तिथेच कोसळतं. सूर्यफुलाला स्वतःचा पराग नाकारायची खोड जुनी आहे, रानटी झाडांत तर पक्की, ब्रीडरांनी हायब्रीडांत ती बरीच कमी केलीय पण पूर्ण गेली नाही, त्यात मधमाश्या कमी झाल्या. म्हणून फुलोऱ्यात फवारणी टाळायची, मधमाश्यांच्या पेट्या मिळाल्या तर हेक्टरी चार-पाच ठेवायच्या. बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उघडायला लागल्या की बोरॅक्सची दोन ग्रॅम प्रति लिटरने फवारणी घ्यायची. आणि फुलं उमलल्यावर सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलका हात फिरवायचा, एक दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. मामा म्हणाले, "एवढी माणसं कुठून आणू?" तर निदान बांधाकडच्या आणि कडेच्या ओळी तरी करा, तिथेच पोचट जास्त होते.